लाकडी कोठीचा थोरला खांब

१

इंजिनिअरसाहेबांनी खांबावर बोटानं टकटक केलं, मान तिरकी करून ऐकलं, मग खिशातून पेचकस काढला आणि डोक्याच्या उंचीवर लाकडात टोचला. पेचकस मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा त्याच्यामागून मूठभर भुसा घरंगळला आणि माझ्या नव्या चपलांवर पडला.

मी तिथं पोहे खायला गेले होते, हे आधीच सांगून टाकते. रेवानं बोलावलं होतं. म्हणाली, "मावशी, आज आमची कोठी पास होणार, तू समोर हवीस." रेवाची आई माझी मैत्रीण होती. ती गेल्यापासून या घरात कुठलंही शुभकार्य असलं की मला पाट ठेवलेला असतो.

झाशीला सदर बाज़ारच्या मागे, छावणीच्या अंगाला चांदोरकरांची लाकडी कोठी आहे. भिंती, जमीन, जिना, सगळं सागवानी. पणजोबा रेल्वेला स्लीपर पुरवायचे. त्यातला उत्तम माल त्यांनी आपल्या घरासाठी बाजूला काढला, अशी आम्हा रेल्वेवाल्यांची पक्की खात्री आहे. दिवाणखान्याच्या मधोमध एक जाडजूड चौकोनी खांब, त्याच्यावर घराची मुख्य तुळई. घरातले लोक त्याला ‘थोरला’ म्हणतात. कोठी धोकादायक म्हणून पाडण्याची नोटीस आली, तेव्हा रेवा भोपाळची नोकरी सोडून परत आली. ती जुन्या इमारती दुरुस्त करणारी आर्किटेक्ट. हरदयाल मिस्त्रींना हाताशी धरून तिनं फळी न् फळी उतरवली, किडकं काढलं, चांगलं राखलं. थोरल्याचा पाया तेवढा ओलीनं खाल्ला होता. तो तासून, सांधून मिस्त्रींनी खांब पुन्हा उभा केला आणि ओरखडा उठू नये म्हणून त्याला गोणपाट गुंडाळलं. तुळईचं वजन अजून लोखंडी जॅकवर होतं. साहेबांनी खांब पाहिला की जॅक उतरवायचे आणि वजन थोरल्यावर द्यायचं, असं ठरलं होतं. देवघरासमोर ताटात लाल फडक्याची पुरचुंडीसुद्धा तयार होती: आत सुपारी आणि बताशा. चांदोरकरांच्या घरात खांबावर वजन देण्याआधी त्याच्याखालच्या दगडातल्या खळग्यात ती ठेवतात. बताशा हा झाशीचा प्रसाद, पुण्याकडच्या नातेवाइकांना याचं हसू येतं.

आणि आता गोणपाट सुटलं होतं, आणि आत भलताच खांब होता. वाळवीनं खाल्लेला, पोकळ, कसल्याशा गावठी लाकडाचा.

हरदयाल मिस्त्री पांढरेफटक पडले. खांबावरून हात फिरवत एवढंच म्हणाले, "जौ खंबा हमाओ नइयाँ." म्हणजे, हा खांब आमचा नव्हे.

साहेब माणूस वाईट नव्हता. पण म्हणाला, जे उभं दिसतं तेच मी लिहिणार. परवा सकाळी पुन्हा येतो. तेव्हाही हाच खांब असेल, तर कोठी रिकामी करून पाडावी असा शेरा मारावा लागेल.  रेवा जिन्याच्या पायरीवर बसली आणि तिनं तोंड ओंजळीत झाकलं. पोह्यांना कुणी हात लावला नाही.

२

साहेबांची पाठ वळताच विक्रम सुरू झाला. विक्रम म्हणजे रेवाचा चुलतभाऊ. इलाइट चौराह्यावर त्याचं फ्लॅट बांधून विकण्याचं ऑफिस आहे आणि या जागेवर त्याचा डोळा आहे, हे तो लपवत नाही. त्याचं म्हणणं सरळ होतं. सागवान मिस्त्रींनी विकलं, त्या जागी कचरा उभा केला, गोणपाटात झाकला. साहेब वरवर बघून जाईल असा हिशेब होता, तो चुकला. "पुलिस को बुलाओ ताऊजी," तो नारायणरावांना म्हणाला. नारायणराव म्हणजे रेवाचे वडील, घरातले कर्ते. त्यांनी मान हलवली नाही, पण नाहीही म्हणाले नाहीत.

मला राग आला. ज्या माणसानं घरातली खुंटी न् खुंटी आपल्या हातानं जागच्या जागी बसवली, त्याच्यावर पहिलं बोट. मी म्हटलं, पोलीस परवाही येतील, आधी मला बघू द्या.

मी रेल्वेत क्लेम्स खात्यात निरीक्षक होते. गाडीत चढवलेला माल पोचला नाही की तो कुठं गेला ते शोधायचं, हे माझं आयुष्यभराचं काम. साखरेच्या पोत्यात वाळू निघाली की नवे लोक साखरेमागे धावायचे. मी कधी धावले नाही. साखर कुठं गेली ते नंतर. आधी वाळू कुठली ते बघावं. साखर चोरणारा साखर लपवतो, पण वाळू लपवायचं त्याला सुचत नाही.

म्हणून मी थोरल्याचा विचार सोडला आणि या आगंतुक खांबाकडे नीट पाहिलं.

पहिली गोष्ट, वाळवीची माती. वाळवी जिथं असते तिथल्याच मातीनं लाकडावर आपले बोगदे लिंपते. या खांबावरचे बोगदे काळेभोर होते. कोठीच्या अंगणात मात्र लाल मुरूम आहे. पावसाळ्यात माझ्या साडीच्या काठाला लागतो आणि धुतला तरी निघत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून विचित्र. वाळवी जमिनीतून वर चढते, तेव्हा खांब खालून पोखरला जातो. हा वरून पोकळ होता आणि खाली ठणठणीत. छाटलेल्या फांद्यांच्या गाठी पाहिल्या, तर त्या सगळ्या खाली झुकलेल्या. झाडाची फांदी खाली का जाईल? खांब उलटा उभा होता, बुंधा वर आणि शेंडा खाली. लग्नघरात मुहूर्तमेढ रोवताना लहान मुलीलासुद्धा बजावतात, बुंधा खाली, शेंडा वर. मी मिस्त्रींकडे पाहिलं. त्यांनाही ते कळलं होतं, आणि आता त्यांच्या डोळ्यांत भीती नव्हती, संताप होता.

"हमाई जान चली जाए बाईसाब, खंबा उल्टो ठाड़ो नईं करहैं," ते म्हणाले.

विक्रम हसला आणि म्हणाला, चोर असंच बोलतो. पण मी खाली वाकून बघत होते. जमिनीच्या फळ्यांमधून मुंग्यांची एक बारीक रांग निघाली होती, आणि ती सरळ खांबाखाली जाऊन नाहीशी होत होती.

३

मुंग्यांची गोष्ट मी पोटात ठेवली. आधी माणसांशी बोलायचं होतं.

खांब बदलला गेला तो दिवस शोधायला डोकं लागलं नाही. आदल्या दिवशी विश्वकर्मा पूजा होती. त्या दिवशी झाशीतला एकही कारागीर हत्याराला हात लावत नाही. करवत, रंधा, पटाशी सगळं धुऊन, लाल धागा बांधून पूजेला मांडतात. मिस्त्रींनी आपल्या मोहल्ल्यात पूजा आणि जेवण ठेवलं होतं. नारायणराव आणि रेवा सकाळपासून तिथंच होते, आणि मीही. पंगतीत माझ्याच शेजारी होते दोघं. कोठीत एकही मजूर नव्हता.

सुमेध मात्र पंगतीतून मधेच उठून गेला होता, ते मला आठवलं. सदर बाज़ारात त्याचं जुन्या फर्निचरचं दुकान आहे. वडील भुसावळहून बदलून आलेले रेल्वेत गार्ड, पोरगा गोडबोल्या. थोरला विकत द्या म्हणून तो नारायणरावांच्या मागे लागला होता आणि त्यांनी त्याला एकदा जवळजवळ हाकलूनच दिलं होतं. मी दुकानात गेले तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. मी मागचं गोदाम बघू म्हटलं तर त्यानं आधी कुलूप सापडत नाही म्हणून सांगितलं, मग किल्ली सापडत नाही म्हणून. शेवटी उघडलं. आत थोरला नव्हता. कोठीच्या जुन्या जिन्याचे दोन कठडे होते, रेवानं किडके म्हणून टाकून दिलेले, आणि त्यांच्यावर ‘राजवाड्यातील’ अशी चिठ्ठी. घाम त्या चिठ्ठीपायी होता. मी त्याला चिठ्ठी फाडायला लावली आणि पुढे निघाले.

कोठीच्या कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं मात्र मला पायाखालची जमीन सरकेल अशी गोष्ट सांगितली. पूजेच्या दिवशी दुपारी फाटकाशी एक पिकअप उभी होती, ताडपत्री घातलेली. दारावर विक्रमच्या कंपनीचं नाव होतं.

मी विक्रमच्या ऑफिसात गेले. तो आधी चिडला, मग कानांवर हात ठेवले. त्या दिवशी तो ग्राहकांना फ्लॅट दाखवत फिरत होता, आणि तशी दहा माणसं तो उभी करू शकत होता. गाडीची किल्ली ऑफिसात खिळ्यावर असते, घरचं कुणीही नेतं. "बेचना है तो मुँह पे बोलता हूँ मावशी, खंभा काहे चुराऊँगा?" हे मात्र मला पटलं. हा मुलगा उद्धट आहे, पण आडपडदा त्याला ठाऊक नाही.

निघताना मी सहज विचारलं, "विक्रम, तुमच्या घरात खांब उभा करतात तेव्हा त्याच्याखाली काय घालतात?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "सीमेंट," म्हणाला.

४

संध्याकाळ व्हायच्या आत मी कोठीवर परत आले. केशवराव पायरीवर बसून गुडघ्याला तेल चोळत होते. केशवराव म्हणजे नारायणरावांचे धाकटे भाऊ, विक्रमचे वडील. कोठीचा वरचा मजला त्यांचा. फार गोड माणूस. मजुरांना स्वतःच्या हातानं चहा नेऊन द्यायचे. झाशीजवळच्या मोठ गावी त्यांची शेती आहे, तिथून आलेला वाटाणा माझ्या घरीही पोचवायचे. पूजेच्या जेवणाला ते गुडघ्यामुळे येऊ शकले नव्हते. मला बघून म्हणाले, "स्नेहलताबाई, कशाला जिवाला त्रास? दैवात असेल तसं होईल."

आत रेवा आणि नारायणराव खांबाशीच बसले होते. रेवा म्हणत होती, चूक माझी, मी आणखी कुणाला विचारलं नाही. नारायणराव म्हणाले, विचारायचं कुणाला? केशव काय, तो हो म्हणणारच. हे वाक्य ते नेहमीच म्हणत. मी कोठीच्या कामाच्या पहिल्या दिवशीही ते ऐकलं होतं.

मी मिस्त्रींना म्हटलं, हा खांब जरा बाजूला घ्या. वजन जॅकवर असल्यामुळे अवघड नव्हतं. त्यांनी दोघा माणसांना हाताशी घेतलं, खांब तिरका केला आणि उचलून भिंतीशी टेकवला.

खाली दगड, आणि दगडात तो छोटा खळगा. खळगा रिकामा असायला हवा होता, कारण पुरचुंडी अजून देवघरासमोरच्या ताटात तशीच होती; मी मुद्दाम वळून पाहिली. पण खळगा रिकामा नव्हता. त्यात लाल फडकं होतं, वर मुंग्या. मी ते उलगडलं. आत एक सुपारी होती आणि अर्धा खाल्लेला बताशा.

नारायणरावांचा चेहरा मी पाहिला नाही, पाहवला नाही.  मला वाटलं, आपण हे शोधायलाच नको होतं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांना दिवाणखान्यात बसवलं. विक्रम आला, सुमेधलाही बोलावला. हरदयाल मिस्त्री दाराशी उभे राहिले. मी त्यांना खुर्चीवर बसायला लावलं, आणि बोलायला सुरुवात केली ती त्यांच्यापासूनच.

म्हटलं, हा खांब उलटा उभा आहे. सुतार चोर होऊ शकतो, पण सुताराचा हात उलटा खांब उभा करू शकत नाही. चोरी करतानासुद्धा तो बुंधा खालीच ठेवील. ज्यानं हा उभा केला त्याला खालचं टोक भुगा झालेलं दिसलं, ते उभं राहीना, म्हणून त्यानं खांब फिरवला. तेव्हा मिस्त्री सुटले. ते गमछ्यानं डोळे पुसू लागले.

मग खळग्यातली पुरचुंडी दाखवली. चोर आला, लाखमोलाचा खांब काढला, सडका उभा केला, आणि जाताना त्याखाली सुपारी-बताशा ठेवून गेला. असा चोर कोण? सुमेधला या घराची रीत माहीत नाही. विक्रम इथं वाढला, पण त्याच्या मते खांबाखाली सिमेंट असतं. (विक्रमनं खाली बघितलं.) नारायणराव आणि रेवा माझ्या शेजारी जेवत होते. आणि वाळवीची काळी माती झाशीतली नाही. काळी माती मोठकडे आहे, शेतात, गोठ्यात. विक्रमची गाडी तिथं न्यायला विक्रमच लागतो असंही नाही.

"जित्याची खोड," मी म्हटलं, आणि म्हण पुढे पूर्ण करायला माझी जीभ रेटेना. "पाप करतानासुद्धा तुम्हाला शास्त्र सोडवलं नाही, केशवराव."

 विक्रम वडिलांकडे असा बघत होता, जणू पहिल्यांदाच बघतोय. केशवरावांनी नाकारलं नाही. हात जोडून ते नारायणरावांपुढे उभे राहिले, आणि बोलले ते इतक्या हळू की सगळ्यांना पुढे वाकावं लागलं.

त्यांना जिना चढवत नव्हता. रोज रात्री वर जाताना रडू यायचं. विक्रमच्या फ्लॅटला लिफ्ट होती, तिथं जावंसं वाटायचं. पण कोठी वाचवायचं दादांनी ठरवलं होतं, आणि दादांनी ठरवलं की धाकट्यानं नाही म्हणायचं नसतं. त्यांना कधी कुणी विचारलंच नाही. साहेबांनीच पाडा म्हटलं, तर नाही म्हणण्याची वेळच येणार नव्हती. विक्रमच्या गाडीतून मोठच्या मंडीतले हमाल आणले, गोठ्यातला जुना खांब मापात कापून घेतला, उभा केला आणि वर तेच गोणपाट गुंडाळलं. उलटा उभा करावा लागला म्हणून मन खात होतं. त्यासाठी देवाची माफी मागायला पुरचुंडी ठेवली. मिस्त्रींवर आळ येईल हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आला तेव्हा बोलायचं धाडस झालं नाही.

"मिस्त्रीजी, आपसे माफ़ी माँगता हूँ," असं म्हणून ते मिस्त्रींच्या पायांकडे वाकू लागले, तेव्हा मिस्त्रींनी त्यांना खांद्याला धरून सावरलं.

मी विचारलं, थोरला कुठे आहे?  कापला असला, विकला असला, तर हे सगळं कशासाठी?

"गोठ्यात," केशवराव म्हणाले. "विटांवर ठेवलाय. ओल लागू नये म्हणून."

६

त्याच पिकअपमधून आम्ही मोठला गेलो. विक्रम गाडी चालवत होता आणि सबंध रस्ताभर एक शब्द बोलला नाही, हे त्याच्या जन्मात प्रथमच घडलं असावं. गोठ्यात थोरला आडवा पडला होता, विटांवर, चादरीत गुंडाळलेला. ती चादर केशवरावांच्या स्वतःच्या पलंगावरची होती. रेवा त्याच्या शेजारी मातीत बसली आणि खांबाला गाल लावून रडली. मग उठली, डोळे पुसले आणि सगळ्यांना कामाला लावलं.

त्याच दुपारी थोरला आपल्या दगडावर उभा राहिला. मिस्त्रींनी ओळंबा लावला, दोनदा तपासला, तिसऱ्यांदाही. गोणपाट गुंडाळायची गरज आता कुणालाच वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअरसाहेब आले. त्यांनी खांबावर टकटक केलं, मग हातोडी मागून ठोकलं. असा खणखणीत आवाज आला की वरच्या मजल्यावरचं कबूतर उडालं. पेचकस टोचला तर टोकसुद्धा शिरेना. साहेबांनी पेचकसाचं टोक बघितलं आणि रेवाकडे बघून हसले.

ते शेरा लिहायला बसणार तेवढ्यात नारायणराव म्हणाले, थांबा. साऱ्यांसमोर ते भावाकडे वळले. रात्रभर झोपले नसावेत.

"केशव, तुला काय हवंय? आज मी विचारतोय."

केशवराव जमिनीकडे बघत राहिले. पन्नास वर्षांची सवय अशी जाते का? मी मनातल्या मनात त्यांना ढोसत होते. शेवटी त्यांनी वर बघितलं.

"मला इथंच राहायचंय, दादा. पण खाली."

"मग माझी खोली तुझी," नारायणराव म्हणाले. "माझे गुडघे अजून बरे आहेत."

आणि पुरचुंडीचं ताट त्यांनी धाकट्याच्या हातात दिलं. मिस्त्रींनी खांब बोटभर उचलून धरला, केशवरावांनी खाली वाकून सुपारी आणि बताशा खळग्यात ठेवला, या वेळी सगळ्यांच्या देखत. मग मिस्त्रींनी जॅक एकेक करून उतरवले. तुळई करकरली. जिना, भिंती, वरची जमीन, सगळं घर एकदा कण्हलं, आणि वजन थोरल्यावर बसलं. विक्रमनंच पहिली टाळी वाजवली आणि मग सगळेच वाजवू लागलो, साहेबसुद्धा. रेवाला मी इतक्या जोरात मिठी मारली की तिचा चष्मा वाकला.

साहेबांनी लिहिलं: इमारत सुरक्षित. खाली सही, शिक्का.

हरदयाल मिस्त्री मात्र अजून खांबाशीच होते. त्यांनी कान लावून ऐकलं, बुंध्यापासून वर हात फिरवत नेला, आणि मागे सरकून उभे राहिले. छाती पुढे, गमछा खांद्यावर.

"अब जौ हमाओ है," ते म्हणाले.

त्यानंतर पोहे आले. गरम होते, आणि मी दोनदा घेतले.